डॉक्टर याओ बोलू लागले

डॉक्टर याओ वनश्युंग यांना बंदरातली निम्मीअधिक माणसं उजव्या कानावरून ओळखायची. दारावर आपला लाल आकडा पेटला की आत जायचं, विम्याचं कार्ड खाचेत सरकवायचं, स्टुलावर बसायचं आणि त्या कानाला आपलं दुखणं सांगायचं. डॉक्टरांचं तोंड पडद्याकडे असायचं आणि दोन्ही हातांची एकेक तर्जनी टकटक करत असायची. मधेच ते वळायचे, छातीला नळी लावायचे, पायाचे घोटे दाबून बघायचे, "हूं" म्हणायचे आणि परत पडद्याकडे. चिठ्ठी छापून बाहेर यायची. झालं. मासळीबाजारातल्या बायका म्हणत, "हाताला गुण आहे डॉक्टरांच्या. तोंडाचं काही सांगता येत नाही, कुणी पाहिलंय?"

माणूस मनाने रुक्ष नव्हता. वडील ट्यूनाच्या बोटीवर इंजिन सांभाळायचे. महिनोन्‌महिने समुद्रावर, आणि घरी आले तरी इंजिनाच्या आवाजात इतकी वर्षं काढलेली, की बोलण्यावाचून त्यांचं काही अडत नसे. मुलगाही तसाच झाला. पुढे वैद्यकी शिकला ती इंग्रजीतून, आणि तैवानात केसपेपर लिहायची रीतही इंग्रजीचीच. पेशंट आपल्या तैवानी बोलीत पोटाचं, छातीचं, जावयाचं सगळं सांगणार. डॉक्टरांनी त्यातलं पोट आणि छाती निवडून इंग्रजीत उतरवायचं. शिवाय अमुक तपासणी का केली, तमुक गोळी का वाढवली, याचं कारण लिहायचं, नाहीतर विम्याकडून विचारणा. शेजारच्या खोलीतला डॉक्टर या लिहिण्याला कंटाळूनच नोकरी सोडून गेला. त्याने शहरात चेहरे उजळायचा दवाखाना टाकला आणि त्याचे पेशंट याओंच्या गळ्यात पडले. सकाळचं काम दुपारवर जायचं, मग वॉर्ड, आणि मग दिवसभराचे अर्धवट केसपेपर. घरी जाईपर्यंत बायको, युश्या, जेवलेली असायची. ती निवृत्त शिक्षिका. ताट झाकून ठेवायची आणि त्याबद्दल बोलणं तिने कधीच सोडून दिलं होतं.

तर अशा डॉक्टरांच्या टेबलावर एका सोमवारी साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी येऊन बसली. घेऊन आली ती रुग्णालयाच्या माहिती विभागातली मिस चुआंग. चाळिशीची, चटपटीत, समोरच्याला वाक्य पुरं करू न देणारी.

"डॉक्टर, आजपासून टाइप करायचं नाही. तुम्ही पेशंटशी बोला, हा ऐकेल आणि केसपेपर लिहील. तुम्ही वाचायचं, चुकलं असेल ते सुधारायचं आणि सही करायची."

"ह्याला तैवानी कळतं?"

"मासळीबाजारातल्या शिव्यासुद्धा कळतात. लिहीत नाही एवढंच."

डॉक्टरांची नर्स शिउचिन दारात उभी होती. एकोणीस-वीस वर्षं ती याच खोलीचं दार सांभाळत होती. ती म्हणाली, "आणि पेशंटने सुनेचं गाऱ्हाणं लावलं तर? तेही लिहिणार?"

"ते गाळतो. सुनेमुळे झोप लागत नाही म्हटलं, तर झोप लागत नाही एवढंच घेतो."

"असा एक आमच्या घरी हवा," शिउचिन म्हणाली. "नवऱ्याच्या कानात बसवते."

पहिल्या दिवशी शिउचिन आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "ऐकणारं यंत्र चालू आहे, चालेल ना?" बहुतेकांनी हात उडवून चालेल म्हटलं. एकाने डबीला वाकून नमस्कार केला. सत्र संपल्यावर डॉक्टरांनी पडदा उघडला आणि त्यांना बरं वाटलं. पेशंटचं म्हणणं कसं नेटकं उतरलं होतं! केव्हापासून दुखतं, कशाने वाढतं, कुठली गोळी घ्यायची राहिली, सगळं जिथल्या तिथे. खाली मात्र, तपासणीत काय आढळलं त्या जागी, सगळ्यांच्या केसपेपरात कोरं.

त्यांनी मिस चुआंगला फोन लावला. "हे बिघडलंय. तपासणी लिहीत नाही."

"तुम्ही काही बोललात का तपासताना?"

"तपासताना काय बोलायचं?"

"डॉक्टर, त्याला कान आहेत. डोळे नाहीत, हात तर नाहीतच. तुमच्या हाताला काय लागलं, नळीत काय ऐकू आलं, ते तुम्ही बोलल्याशिवाय त्याला कळणार कसं?"

"मोठ्याने?"

"मनातल्या मनात बोललेलं ऐकणारं अजून निघालं नाही. निघालं की तुम्हालाच पहिलं देते."

झालं, त्या दिवशी पुन्हा दोन तर्जन्या आणि टकटक. पण दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर बोलू लागले. म्हणजे पुटपुटू लागले. नळी छातीवर ठेवायची आणि डबीकडे मान करून दोन-चार इंग्रजी शब्द टाकायचे. डबी ते बिनचूक टिपायची. दोन-तीन दिवस हे चाललं आणि मग शिउचिन एका दुपारी दार लोटून आत आली.

"डॉक्टर, बाहेर काय चाललंय तुम्हाला कल्पना आहे का? ज्याला नळी लावून तुम्ही इंग्रजी बोलता तो बाहेर जाऊन सांगतो, आपलं काही खरं नाही. बर्फवाल्या सूंनी मुलाला काओशुंग शहरातून बोलावून घेतलंय."

"सूंना काय झालं? त्यांचं सगळं व्यवस्थित आहे."

"ते तुम्ही इंग्रजीत म्हणालात. त्यांना वाटलं, तोंडावर सांगण्यासारखं नाही म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग काय करू? यंत्राशी बोलू नको?"

"पेशंटशी बोला ना! यंत्र ऐकेल."

सांगणं सोपं होतं. पण आईच्या भाषेत डॉक्टरांकडे शब्दच नव्हते. घरी बोललेली तैवानी, जाळ्याची, भाताची, पावसापाण्याची. हृदय, यकृत, फुप्फुसं शिकली ती सगळी पुस्तकातून. पहिल्याच म्हातारीच्या पोटावर हात ठेवून ते म्हणाले, "यकृत हाताला लागत नाही."

म्हातारी ताडकन उठून बसली. "लागत नाही? गेलं कुठे?"

"नाही, नाही. लागत नाही हे चांगलं. सुजलं असतं तर लागलं असतं."

"मग तसं म्हणा ना! जीव गेला असता माझा."

हळूहळू शब्द सापडत गेले. काही शिउचिनने दिले, काही पेशंटनीच. घोट्यावर बोट रुतलं तर 'खळगा पडतोय, पाणी साठलंय'. फुप्फुसात बुडबुडे वाजले तर 'तळाशी चुरचुर आहे'. डबीला सगळं समजत होतं. तैवानीतली चुरचुर ती शहाण्यासारखी इंग्रजीत बसवायची. आणि बोलायचं म्हटलं की पडद्याकडे तोंड करून बोलता येईना. डॉक्टर वळून बसू लागले. काही पेशंटना ते जड गेलं. इतक्या वर्षांत समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. एकदोघे लाजून जमिनीकडे बघत बोलले. बाजारात नवी बातमी गेली, डॉक्टरांना हनुवटीवर तीळ आहे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या लक्षात यायला वेळ लागला. त्यांच्या केसपेपराच्या शेवटी नेहमी एक ठरलेलं वाक्य असायचं: आजाराची माहिती पेशंटला दिली, पेशंटला समजली. सगळेच डॉक्टर लिहितात. त्यासाठी त्यांनी एक कळ नेमून ठेवली होती, दाबली की वाक्य हजर. आता सही करताना हात सवयीने त्या कळेवर जायचा, वाक्य उमटायचं आणि बाजूला बारीक अक्षरांत डबीची विचारणा यायची, 'हा मजकूर संभाषणात आढळला नाही. ठेवायचा का?' डॉक्टर 'ठेवा' म्हणायचे आणि पुढच्या केसपेपराकडे वळायचे. रोज, प्रत्येकाला.

अशात आहोंग काकी आली.

आहोंग काकीचा बाजारात ताज्या माशाचे काप करून विकायचा गाळा. वय अडुसष्ट, आवाज असा की लिलावाची शिट्टी एकवेळ ऐकू येणार नाही, काकी येईल. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ती दर तीन महिन्यांनी यायची, रबरी बुटांसकट.

"हाच का तो ऐकणारा?" तिने डबीकडे बोट केलं. "ह्याचा आकार बघा. आणि म्हणे सगळं लिहितो."

"छाती मोकळी करा काकी," डॉक्टर म्हणाले. नळी ठेवली. डोळे मिटले. मग आता जमलेल्या सवयीने बोलायला लागले, "ठोके नियमित. डावीकडच्या झडपेचा आवाज आहे, पूर्वीसारखाच. फुसफुस आहे, रक्त थोडं मागे येतं."

काकी गप्प झाली. काकी गप्प झाली म्हणून शिउचिनने मान वर केली.

"पूर्वीसारखाच म्हणजे?" काकीने विचारलं.

"म्हणजे आधी होता तसाच."

"आधी म्हणजे कधी?"

डॉक्टरांना उत्तर पाठ होतं. सहा-सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकू आला होता, तेव्हा हृदयाचा इकोही काढून घेतला होता. गळती अगदी थोडी होती. काकीला त्यांनी सांगितलं होतं, 'ठीक आहे', आणि ते खोटंही नव्हतं. "झाली काही वर्षं," ते म्हणाले.

"काही वर्षं!" आवाज परत आला. "माझ्या काळजाची झडप फुसफुसते, रक्त उलटं जातं आणि काही वर्षं ते तुम्हाला माहीत आहे! आणि मला? मी रोज पेट्या उचलते, डॉक्टर. बर्फासकट! मला सांगायला तुमची जीभ झिजत होती?"

"काकी, त्यात घाबरण्यासारखं—"

"घाबरले नाही मी. मला राग आलाय." तिने सदरा सारखा केला, कार्ड खाचेतून उपसलं आणि गोळ्यांची चिठ्ठी छापून व्हायच्या आत निघूनही गेली. शिउचिन चिठ्ठी घेऊन तिच्यामागे धावली.

दुपारी सह्या करताना काकीचा केसपेपर आला. डबीने ओळीने सगळं लिहिलं होतं: झडपेचा आवाज पूर्वीसारखाच, हे कधीपासून आहे असं पेशंटने विचारलं, पेशंट नाराज होऊन गेली. डॉक्टरांच्या हाताने कळ दाबली. 'हा मजकूर संभाषणात आढळला नाही. ठेवायचा का?'

त्यांनी ते वाचलं, बहुधा पहिल्यांदाच. मग काकीचे जुने केसपेपर उघडले. प्रत्येकात आवाजाची नोंद होती आणि प्रत्येकाच्या शेवटी ते वाक्य. त्यांनी काकीच्या केसपेपरातलं वाक्य पुसलं आणि पुढचा उघडला. त्या पेशंटला त्यांनी काय सांगितलं होतं ते आठवून पाहिलं. साखर वाढल्याचं सांगितलं होतं, का वाढली ते नव्हतं सांगितलं. तिथलंही वाक्य त्यांनी घातलं नाही. तशी सही करताना चुकचुकल्यासारखं होत होतं, कपड्याचं बटण तुटल्यासारखं. पण त्यांनी केली.

काकी पुढच्या फेरीला आली नाही. शिउचिनने फोन केला तर म्हणाली, हंगाम आहे, वेळ नाही. गोळ्या संपल्या असतील म्हटल्यावर म्हणाली, "बघते", आणि ठेवून दिला.

एव्हाना डॉक्टरांचं संध्याकाळचं लिहिणं पुष्कळ कमी झालं होतं. पहिल्यांदा ते उजेड असताना घरी पोचले तेव्हा युश्याने दार उघडून आधी त्यांच्या कपाळाला हात लावला होता. "बरं नाही का?" आता तिला सवय झाली होती, दोघं एकत्र जेवत, तिला शाळेतल्या गोष्टी सांगायला श्रोता मिळाला होता. काकीला फोन झाला त्या दिवशी मात्र डॉक्टर म्हणाले, "चल, बाजारात जाऊ. मासे आणू."

"तू? बाजारात?" युश्याने स्कूटरची किल्ली उचलली. "मी चालवते. तुला रस्ता माहीत नसेल."

संध्याकाळी बाजार भरात असतो. ओल्या फरशा, पांढरे दिवे, बर्फावर मांडलेले लालभडक काप. डॉक्टर आत शिरले तसे दोन्ही बाजूंनी आवाज आले. "डॉक्टर आले!" "खरंच तीळ आहे!" बर्फवाल्या सूंनी तर एका गिऱ्हाइकाला सोडून येऊन हात मिळवला.

आहोंग काकी सुरी चालवत होती. तिने डोळे वर केले नाहीत. "काय देऊ?"

"काकी, तुम्ही आला नाहीत."

"आले नाही. मासा घ्यायचाय की नुसतंच ऐकायचं? आज यंत्र नाही आणलंत?"

आजूबाजूचे हसले. "मला तुमच्याशी बोलायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

"बोला की. इथे कुणापासून काय लपलंय? माझी झडप सगळ्या बाजाराला माहीत आहे. तुमच्यामुळे मलाच उशिरा कळलं."

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. मागच्या नळाशी काकीचा नवरा पेट्या धूत होता, पाठमोरा, आणि ऐकायला त्याने पाणी बंद केलं होतं. "इथे नाही," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आता सांगेन. तुम्ही या."

"तीन मिनिटांत काय सांगणार? बाहेर सगळं गाव बसलेलं असतं."

"शेवटचा नंबर घ्या. तुमच्यामागे कुणी नसेल. लागेल तितका वेळ बसू."

काकीने एक काप पुरा केला, सुरी पुसली. "वहिनी," ती युश्याला म्हणाली, "पोटाकडचा भाग न्या. डॉक्टर पैसे द्यायला लागले तर घेणार नाही, तुम्ही दिलेत तर घेईन." युश्याने दिले.

गुरुवारी काकी आली. शेवटची. रबरी बूट नव्हते. चांगल्या चपला आणि फुलाफुलांचा सदरा. स्टुलावर बसून तिने आधी डबीकडे पाहिलं.

"ह्याला सांगा, माझ्या नवऱ्याला ह्यापुढचं काही कळता कामा नये. फार घाबरट आहे तो."

"हा कुणाला काही सांगत नाही."

"मग तुमच्यासारखाच आहे."

शिउचिनने तोंडावर फाइल धरली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि झडप म्हणजे काय ते सांगायला बसले. दाराची उपमा दिली, ती काकीला पटली नाही. बोटीच्या पंपातली पाणी मागे न येऊ देणारी चकती म्हटल्यावर पटली. ती चकती नीट टेकत नसेल तर थोडं पाणी मागे येतं, पंपाला जास्त जोर काढावा लागतो, वर्षानुवर्षं जोर काढून तो थकतो. तुमची गळती थोडी होती, म्हणून काही करायचं नव्हतं, नुसतं लक्ष ठेवायचं होतं. मी लक्ष ठेवत होतो. तुम्हाला सांगितलं नाही. इतकं सलग बोलायला त्यांना घाम आला.

"आणि लक्ष ठेवायचं म्हणजे काय बघायचं?" काकीने विचारलं.

"दम लागतो का ते. प्रत्येक वेळी विचारतो ना मी?"

"विचारता. नाही लागत. दम माझ्या भावाला लागायचा, शिट्टी वाजायची छातीत. माझं तसं काही नाही."

एरवी इथेच डॉक्टरांच्या बोटांनी 'दम लागत नाही' लिहून टाकलं असतं. आता बोटांना काम नव्हतं. ते काकीकडे बघत राहिले. मोठमोठी वाक्यं बोलणारी बाई, आणि आज वाक्याच्या मधे थांबत होती, ओठ मिटून, जणू पुढचा शब्द शोधतेय.

"काकी, लिलावाच्या चौकातून गाळ्यापर्यंत पेटी कशी आणता? मला सगळं सांगा. कुठे थांबता, काय करता."

काकीने हात उडवला. "थांबते की. त्या कालवंवालीशी बोलते जरा, मग सूंच्या दुकानाशी, मग देवळाच्या पायरीपाशी कुणी ना कुणी भेटतंच." ती थांबली. मग आवाज उतरला. "पूर्वी नव्हते थांबत. गेलं वर्षभर मी सगळ्यांशी फार गप्पा मारते, डॉक्टर. लोक म्हणतात, काकी म्हातारपणी मायाळू झाली. कसली मायाळू! पुढचं पाऊल उचलत नाही म्हणून बोलत उभी राहते."

"निजताना?"

"दोन उश्या लागतात, सपाट पडवत नाही. नवऱ्याला सांगितलं, मान दुखते."

डॉक्टरांनी नळी लावली आणि या वेळी बराच वेळ ऐकलं. "आवाज वाढलाय," ते म्हणाले. "मागच्या वेळी मी पूर्वीसारखाच म्हणालो. तसा नाही. आज वाढलेला ऐकू येतोय. तेव्हाही थोडा वाढलेला असेल, मी नेहमीच्या कानाने ऐकलं."

काकी बघत राहिली. "वाईट आहे का?"

डॉक्टरांच्या तोंडात 'ठीक आहे' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "इको काढल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण मला वाटतं, आता नुसतं लक्ष ठेवून चालणार नाही."

इको निघाला. गळती बरीच वाढली होती. काओशुंगला मोठ्या रुग्णालयात झडप दुरुस्त करून घ्यावी लागणार होती. काकीचं पहिलं म्हणणं, ट्यूनाचा हंगाम संपू दे, मग बघू. डॉक्टरांनी तिला हंगाम संपेपर्यंत काय काय होऊ शकतं ते एकेक करून सांगितलं, गोड न करता आणि घाबरवूनही न टाकता. हे त्यांना साधलं की नाही, त्यांचं त्यांना कळलं नाही. काकी रडली. शिउचिनने कागदी रुमालांचा डबा पुढे केला, काकीने त्यातले अर्धे काढून पिशवीत टाकले आणि म्हणाली, "नवऱ्याला तुम्ही सांगा. मला जमणार नाही."

नवऱ्याला डॉक्टरांनी सांगितलं. घाबरट म्हणून गाजलेला तो माणूस शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दोन उश्यांचं मला माहीत आहे. मान दुखणारी बाई सपाट झोपते. मी काही बोललो नाही, ती चिडते म्हणून."

काकी काओशुंगला असतानाच्या त्या दिवसांत मिस चुआंग प्रश्नावली घेऊन आली. यंत्राचा सहा महिन्यांचा आढावा वरिष्ठांना द्यायचा होता.

"दिवसाला किती वेळ वाचतो, डॉक्टर? अंदाजे."

"वाचत नाही."

"असं कसं? टाइपिंग तर बंद झालं तुमचं. संध्याकाळी लवकर जाता, मला माहीत आहे."

"संध्याकाळी जातो. पण सकाळचं सत्र दुपारी तीनला संपतं. पेशंट प्रश्न विचारतात. एकाने विचारला की बाहेर बसलेल्याला सुचतो." डॉक्टरांनी मान चोळली, पूर्वीसारखी ती आता दुखत नव्हती, नुसती सवय. "नंबर कमी करा माझे. दहा तरी."

"ते मी कसं लिहू? आम्ही वरती सांगितलंय, यंत्रामुळे जास्त पेशंट बघून होतील."

"मग लिहा की डॉक्टर जास्त बोलायला लागलेत. दोष यंत्राचा."

मिस चुआंगने थोडा विचार केला आणि 'इतर सूचना' या रकान्यात काहीतरी लिहिलं. नंबर लगेच कमी झाले नाहीत. पुढच्या तिमाहीत पाच कमी झाले, आणि रुग्णालयाने शेजारच्या खोलीसाठी नवा डॉक्टर शोधायला जाहिरात दिली. शिउचिनने दुपारच्या डब्याऐवजी सकाळी भरपेट माशाची पेज खाऊन यायला सुरुवात केली.

काकी परतली ती बारीक होऊन, छातीवर लांब व्रण घेऊन. पेट्या उचलायच्या नाहीत अशी ताकीद होती. त्या आता नवरा उचलत होता आणि काकी खुर्चीवर बसून त्याला हुकूम सोडत होती. गप्पा मारायला ती हल्ली फारशी थांबत नाही, अशी कालवंवालीची तक्रार होती.

डॉक्टरांनी नळी लावली. "ठोके नियमित. फुसफुस जवळजवळ गेली. फुप्फुसं मोकळी. घोट्यांवर सूज नाही."

"मला ऐकू द्या," काकी म्हणाली.

"काय?"

"तुम्ही सांगितलंत ते ऐकलं. आता मला स्वतःला ऐकायचंय."

डॉक्टरांनी नळीची टोकं तिच्या कानांत घातली आणि चकती तिच्या छातीवर धरली. काकीने डोळे बारीक केले. शिउचिन दारात थांबली, हातात पुढच्याचं कार्ड.

"बोट चालल्यासारखं वाजतंय," काकी मोठ्याने म्हणाली. कानात नळी असली की सगळेच मोठ्याने बोलतात. "नुसतं धडधड, धडधड. बाकी काही नाही."

"बाकी काही नसायलाच हवं."

ती गेली. शिउचिनने पुढचं नाव पुकारलं. आबुन आजोबा आत आले, म्हाताऱ्या खलाशांपैकी एक, शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरचे जुने पेशंट. इतके दिवस मुलगाच त्यांच्या गोळ्या घेऊन जायचा. आज पहिल्यांदाच स्वतः आले होते. काठी भिंतीला टेकवून ते स्टुलावर बसले आणि बसल्या बसल्याच त्यांनी हात वर केला.

"डॉक्टर, बाजारात ऐकलंय मी तुमच्याबद्दल. मला काही सांगू नका. ऐंशी वर्षं मला आतलं काही माहीत नव्हतं, छान चाललं. गोळ्या द्या, मी जातो."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "तपासू तर द्या."

"तपासा. ह्या डबीला काय सांगायचं ते सांगा. पण हळू."

डॉक्टरांनी नळी लावली. पाठीवरून ऐकलं, छातीवरून ऐकलं. मग मान खाली घालून ते डबीकडे अगदी हलक्या आवाजात बोलू लागले, तैवानीतच, कारण आता इंग्रजीत बोलायचं त्यांना सुचेना. ठोके जरा अनियमित आहेत. मधेच एखादा चुकतो.

आबुन आजोबा छताकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी काठी हातात घेतली, तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि हळूहळू पुढे झुकले, नीट ऐकू येणारा कान डॉक्टरांच्या बाजूला करून.

डॉक्टर थांबले. मग त्यांनी आवाज किंचित चढवला.